मला माहीत नसलेले पासवर्ड

लोकांची गुपितं सांभाळायची आणि त्यातलं एकही आपल्याला कळू द्यायचं नाही, अशी माझी नोकरी होती. एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात मी डेटाबेस सांभाळायचे. इस्पितळाचं नाव-गाव सांगत नाही, तोंड बंद ठेवायची सवय लागली आहे. डेटाबेस म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. बोरगावातल्या शेजारणींना त्या सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरच्या कोठीवर हाय." मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते बरोबरच होतं.

रुग्णांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, कुणाला कोणतं औषध कधी दिलं, हे सगळं त्या कोठीत रचून ठेवलेलं असतं. आत कोण शिरलं ते कळावं म्हणून प्रत्येकाला आपापला पासवर्ड. आणि हे पासवर्ड ज्या रकान्यात राहतात तो रकाना माझ्या ताब्यात. आता बाहेरच्या माणसाला वाटतं की बाईंनी तो रकाना उघडला की सगळ्या डॉक्टरांचे, नर्सांचे पासवर्ड ओळीनं दिसत असतील. मला दिसायची ती नुसती अक्षरांची खिचडी. तशी ती दिसावी, हीच माझ्या कामाची मेख.

आमच्याकडे हाडांचे एक मोठे डॉक्टर होते. सोमवारची सकाळ, ओपीडीत ही गर्दी, आणि साहेब पासवर्ड विसरले. मला फोन आला.

"माझा पासवर्ड काय आहे तो बघून सांगा."

"सर, मला नाही सांगता येणार."

"मी विभागप्रमुख बोलतोय."

"आवाज ओळखला, सर. पण मला माहीतच नाही."

"तुमच्याकडेच ठेवलाय ना तो?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मग बाई, तुम्ही तिथे करता तरी काय?"

"मला माहीत होणार नाही, याची व्यवस्था करते."

मग साहेब मोठ्यानं हसले. माणूस चांगला होता. त्यांना नवीन पासवर्ड ठेवायची सोय करून दिली, आणि पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत ते नेमानं विसरत राहिले. विसरले की स्वतःच फोन करून म्हणायचे, "तुम्हाला माहीत नसेलच, तरी म्हटलं विचारून बघावं."

एका वॉर्डातल्या सिस्टर मंडळींची तऱ्हा वेगळी. धावपळीत दरवेळी कोण आत-बाहेर करत बसणार, म्हणून सगळ्या मिळून एकाच सिस्टरच्या नावानं काम करायच्या. मी नोंदी काढून पाहिल्या तर ती बाई पोळ्याला, दिवाळीला, दिवसा, रात्री सलग ड्युटीवर. त्याच काळात तिचं बाळंतपणही झालं होतं. मी चांगली रागावून वॉर्डात गेले. त्यांनी मला बसवलं, तर्रीपोहे खायला घातले, आणि मग त्यातली एक म्हणाली, "मॅडम, पेशंटचा श्वास अडकून राह्यला, अन् मी इथं एबीसीडी शोधत बसू का?" पोहे पोटात गेल्यावर तिचं म्हणणं मला पटलं. मग कॉम्प्युटरशेजारच्या यंत्रावर कार्ड टेकवलं की जिचं तिचं खातं उघडेल अशी सोय करून घेतली. रागावून जायचं आणि खाऊन परत यायचं, असं माझं बऱ्याच वॉर्डांत झालं.

एका गोष्टीची हळहळ मात्र वाटते. आमच्या कामाचं दाखवण्यासारखं काही उरत नाही. इंजिनिअर पूल दाखवतो, डॉक्टरांना रस्त्यात थांबवून लोक पाया पडतात. आम्ही काय दाखवणार? चोरी झाली नाही, हे? न झालेल्या चोरीसाठी शाल-श्रीफळ कुणी देत नाही. निवृत्तीच्या समारंभात तर एकानं भाषणात मला टायपिस्ट करून टाकलं.

निवृत्तीनंतर घरी बसून मी नवऱ्याच्या मोबाइलचे पासवर्ड तपासायला लागले, तेव्हा त्यानंच हात जोडले. म्हणाला, "कुठं तरी जा बाई." माझं माहेर नाचणगाव. वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं. आजूबाजूच्या भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून तिथे एक कंपनी काढली आहे. सावंगीकडच्या मेस, खानावळी, वसतिगृहं यांना रोज ताजी भाजी द्यायची. दुपारी मोबाइलवर मागणी येते, इतके किलो वांगी, इतका पालक. शेतकऱ्यानं आपल्या खात्यात शिरायचं आणि "देतो" असं बटण दाबायचं. पहाटे क्रेट भरून गाडीत. त्यांना कॉम्प्युटर बघणारं माणूस हवं होतं. मी जायला लागले.

पहिल्या दिवशी तिथला तक्ता उघडला आणि मी खुर्ची मागे सरकवली. सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, उघडे. ज्यानं कुणी ही प्रणाली बनवून दिली होती, त्यानं नावाचा रकाना, गावाचा रकाना, तसा पासवर्डचाही रकाना केला आणि मोकळा झाला. नातवंडांची नावं, देवांची नावं, मोबाइल नंबर. वर त्या तक्त्याच्या नकला कुठल्या कुठल्या पेन ड्राइव्हवर पडलेल्या. मी डोळे मिटून घेतले, असं म्हणणार होते, पण दोन-चार वाचले गेलेच. एका गृहस्थांनी मेहुणीचं नाव ठेवलं होतं. ते मला अजूनही भेटतात आणि मला हसू आवरत नाही.

तर पहिलं काम हे की सगळं बंद करायचं, नवी पद्धत लावायची, आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवायला सांगायचं. देवळाच्या सभामंडपात सभा बोलावली. बायामाणसं बरीच आली. मी विचारलं, "तुम्ही मला मिरच्या दिल्या. मी पाट्यावर ठेचा वाटला. आता त्या ठेच्यातून तुमच्या अख्ख्या मिरच्या परत काढून देता येतील का?"

"कशा येतीन?" पुढच्या रांगेतून उत्तर आलं.

"कॉम्प्युटर तेच करतो. तुम्ही दिलेला शब्द वाटतो, ठेचा तेवढा ठेवतो, मिरच्या ठेवतच नाही. उद्या तुम्ही परत तोच शब्द टाकला की ताजा ठेचा वाटतो आणि कालच्याशी ताडून बघतो. जुळला की दार उघडलं. म्हणजे शब्द बरोबर आहे की चूक, एवढंच त्याला सांगता येतं. शब्द कोणता, ते त्यालाही सांगता येत नाही. मलाही नाही."

मागून एक बाई उठली. पस्तिशी-चाळिशीची, हाताला मातीचा रंग, बोलणं सरळ. "ताई, ठेचा चाखून मिरची कोनती होती ते मी सांगू शकते. आमच्या वावरातली का बजारातली, बरोबर वळखते."

मी खूश झाले. इतक्या वर्षांत शिकायला आलेल्या पोरांनीसुद्धा हा प्रश्न इतका नेमका विचारला नव्हता. मी म्हटलं, "चोर हेच करतात. नेहमीच्या शब्दांचे ठेचे आधीच वाटून बरण्या भरून ठेवतात, आणि आपला ठेचा हाती लागला की चव जुळवत बसतात. म्हणून आपण प्रत्येकाच्या ठेच्यात वेगळं मीठ टाकतो. कुणाच्या चिमटीत किती, ते यंत्र ठरवतं. मग तुम्ही आणि तुमच्या शेजारणीनं एकच शब्द ठेवला तरी ठेचे दोन तऱ्हेचे निघतात. चोराच्या बरण्या वाया." या धंद्यातले लोक त्याला खरोखरच मीठ म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा बायांना माझ्या नोकरीबद्दल जरा आदर वाटला. "आणि यंत्र वाटतं तेही मुद्दाम सावकाश. तुम्हाला एकदा वाटायचं असतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही. चोराला लाखो वेळा वाटावं लागतं. त्याचे हात भरून येतात."

"मंग ठीक हाय," म्हणून ती बाई बसली. तिचं नाव प्रीती.

शेवटी मी नेहमीचे नियम सांगितले. शब्द लांब ठेवा, त्यात आकडे-चिन्हं नसली तरी चालेल, पण लांब हवा. लोकांना सहज सुचेल असा नको. आणि कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही.

इथे सभा गार पडली. "घरच्यायले बी नाई?" एका म्हाताऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि बाहेर गेले. आमच्याकडे घराची किल्ली चौकटीवर ठेवतात आणि ती तिथे आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. आपल्याच माणसापासून काही झाकून ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. मी त्याच मातीतली, मला हे समजायला हवं होतं. पण मी भाषणाच्या भरात होते.

आता दप्तराचं सांगते. प्रणाली कशी चालते त्याची माहिती लिहून ठेवणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग. उद्या मी नसले तर येणाऱ्याला कळावं. कोणती पद्धत वापरली, मीठ कुठे ठेवलं, वाटण किती सावकाश, ते कधी वाढवायचं, सगळं लिहायचं. पासवर्ड मात्र कुठेच लिहायचा नाही. त्या रकान्यापुढे मी लिहिलं आहे, "यातलं कुणालाही वाचता येत नाही. वाचता आलं तर काहीतरी बिघडलं आहे असं समजावं." आणखी एक गोष्ट मी काढून टाकली. जुनी प्रणाली लोकांचे चुकलेले पासवर्डही नोंदवून ठेवायची. चुकलेला पासवर्ड हा बहुतेक वेळा बरोबर पासवर्डाचा सख्खा शेजारी असतो. एखादं अक्षर इकडचं तिकडे, बस. म्हणून आता कोण चुकलं, कधी चुकलं एवढंच कळतं. काय टाकून चुकलं, ते नाही.

सगळं सुरळीत झालं, असं वाटलं तेव्हा नाना आले. सभेतून उठून गेलेले ते हेच. सत्तरीच्या पुढचे, वांग्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले, आणि त्या ठेचा ओळखणाऱ्या प्रीतीचे सासरे. माझ्या वडिलांच्या दुकानात त्यांचं रोजचं बसणं होतं, त्यामुळे मला अजून अगंतुगं करतात.

"सुनंदे, तुह्या भाषणानं माह्या घरात भांडन लागलं."

"काय झालं, नाना?"

"सुनेनं पासवर्ड बदलला. मले सांगत नाई. म्हनते, ताईनं सांगतलं घरच्यायले बी सांगू नका. आता तू सांग."

"मी काय सांगू?"

"पासवर्ड."

"मला माहीत नाही, नाना. ठेच्याचं सांगितलं ना त्या दिवशी."

"ठेच्याचं मले नको सांगू. वाटनारी कोन? तू. मंग मिरची कोनती ते तुले मालूम नाई?"

"मी नाही वाटत, यंत्र वाटतं."

"यंत्र कोनाच्या हातात हाय?"

नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुह्या बापानं कधी मापात मारलं नाई. तू कुठून शिकली?"

मी प्रीतीला फोन लावला. तिची बाजूही ऐकण्यासारखी होती. खातं तिच्या नावावर, मोबाइल तिचा, पण पासवर्ड आधी सगळ्या घराला ठाऊक. आणि नानांची सवय अशी की मागणी दिसली की "देतो" दाबायचं. वावरात असो नसो. त्यांच्या वडिलांनी कधी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं, मग ते कसे म्हणतील? एकदा मेसवाल्यांची भरमसाट मेथी त्यांनी कबूल केली. वावरात मेथीची काडी नव्हती, सगळी वांगी. प्रीती पहाटे गावभर फिरून दुसऱ्यांच्या वावरातली मेथी गोळा करत होती. कबूल करून माल आला नाही असं वारंवार झालं, तर कंपनी त्या घराची माल द्यायची पाळी दुसऱ्याला देते. "ताई, मामाजीच्या बोटानं आमची पाळी जाईन," ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई.

मी तोडगा काढला. नानांना म्हटलं, "तुम्हाला वेगळं खातं उघडून देते. रोजची मागणी, भाव, सगळं दिसेल. फक्त 'देतो'चं बटण नसेल."

"म्हंजे पाहुन्याचं खातं," नाना म्हणाले. "माह्याच घरात मी पाहुना." आणि उठून गेले.

पुढच्या बाजारच्या दिवशी परत हजर. त्या वेळेपर्यंत सासरा-सुनेत काहीतरी ठरलं होतं. प्रीतीचाच मला फोन आला. "ताई, त्यायले वळखू द्या. शब्द घरातलाच हाय. वळखलं तर मी काई म्हननार नाई, खातं त्यायचं. मेथी का पालक, जे दाबायचं ते दाबा म्हना."

माझ्या शिस्तीत हे अजिबात बसत नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यावर अंदाज मारायला मी इस्पितळात कुणाला खुर्चीजवळ फिरकू दिलं नसतं. पण खातं तिचं, परवानगी तिची, आणि काही चुका झाल्या की खातं थोडा वेळ आपोआप बंद होण्याची सोय मी केलेलीच होती. मी कीबोर्ड नानांपुढे सरकवला आणि तोंड दुसरीकडे केलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण नाना एकेक अक्षर शोधत, मोठ्यानं म्हणत टाइप करायचे. बाहेर क्रेट धुणाऱ्या बायांनाही ऐकू जात होतं.

आधी देव झाले. नाही. मग नातू सार्थक. नाही. मुलाचं नाव. नाही. खातं बंद.

"आता?"

"आता चहा घ्या. थोड्या वेळानं उघडेल."

"मशीन रुसते का?"

"चोर दमावा म्हणून थांबतं, नाना."

"मी चोर हाय का?" पण चहा घेतला.

असे बरेच बाजारचे दिवस गेले. नाना यायचे, आठवडाभर विचार करून ठरवलेली नावं टाकायचे, खातं बंद पडायचं, चहा व्हायचा. वारलेल्या बायकोचं नाव त्यांनी टाकलं, अनसूया. ते टाकताना जरा हळू बोलले. नाही. पिंपळाचं वावर टाकलं. नाही. एकदा आल्या आल्या खुशीत म्हणाले, "आज सापडलं," आणि म्हशीचं नाव टाकलं. रंगी. तेही नाही.

"म्हशीचं बी नाई?" त्यांना खरोखर धक्का बसला. "लय जीव हाय तिचा म्हशीवर."

कंपनीतल्या बाया आता पैजा लावायला लागल्या होत्या. मीही मनातल्या मनात अंदाज करायचे आणि स्वतःलाच दटावायचे. प्रत्येक चुकीचा निरोप प्रीतीच्या मोबाइलवर जायचा, त्यामुळे मामाजी बसलेत हे तिला वावरात कळायचं. एका दुपारी तिनं विचारलं, "ताई, काय काय टाकून पाह्यलं त्यायनं?"

"ते यंत्र लिहून ठेवत नाही."

"यंत्र जाऊ द्या. ते बोलत असतीन ना."

ते मी सांगणार नाही, असं म्हटलं. मग ती म्हणाली, "माह्यं नाव टाकलं का?"

एवढं सांगायला हरकत नाही असं मला वाटलं. "टाकलं होतं आज. प्रीती. नाही लागलं."

"बरं," ती म्हणाली. "राहू द्या मंग." तिच्या आवाजात हसू नव्हतं. मला काहीतरी खटकलं, पण काय ते उमगलं नाही.

नानांचंही हसू हळूहळू कमी झालं. एकदा खातं बंद पडल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं. खिडकीतून गाडीत चढणारे क्रेट बघत बसले. म्हणाले, "सुनंदे, मेथी-गिथी जाऊ दे. ते माह्यं चुकलंच. पन घरात पंगत बसावी अन् आपलंच ताट मांडू नाई, असं वाटून राह्यलं मले. सुनेच्या मनात काय हाय ते मले वळखूच येत नाई, तर मंग मी इतके वर्स एका घरात काय केलं?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. माझा एक नियम त्या घराच्या मध्ये जाऊन बसला होता. आणि मदत तरी काय करणार? मला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच पद्धतीचा राग आला.

मग एक दिवस नाना बाजार नसताना आले. दुपट्टा नीट घडी करून खांद्यावर. बसले, कीबोर्ड ओढला. मी सवयीनं तोंड फिरवलं आणि वाट बघू लागले, पण आज आवाज नाही. ओठ मिटलेले. नुसती बटणं दाबल्याचा आवाज, एका बोटानं, थांबत थांबत, बराच वेळ. मग ते मागे टेकले. मी वळून पाहिलं तर खातं उघडलेलं. आजची मागणी, भाव, आणि त्याखाली "देतो"चं बटण.

"नाना, उघडलं."

"दिसते मले."

त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "काल पुलगावले गेलतो, बियान्याच्या दुकानात. तिथं सुनेचा भाऊ भेटला. बोलता बोलता म्हने, आमची चंद्रकला बरी हाय ना? अन् मी त्याले विचारतो, कोन चंद्रकला? त्याचं तोंडच उतरलं. मंग माह्या ध्यानात आलं. बसल्या जागी घाम फुटला, सुनंदे."

नानांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला.

"नाव मीच बदललं. लग्नात ताटात तांदूळ पसरून पोरानं अंगठीनं लिवलं, पन सांगतलं मी. म्हनलं, चंद्रकला लांब पडते, वावरातून हाक माराले. प्रीती ठेवा, सुटसुटीत. तिच्या आजीनं ठेवलं होतं म्हने ते नाव. त्या दिवसापासून आमच्या घरात ते कोनी घेतलं नाई. मी म्हशीचं नाव टाकून पाह्यलं, अन् हे माह्या डोक्शात आलं नाई."

पुस्तकात विचाराल तर माणसाचं नाव हा अगदी वाईट पासवर्ड. मी स्वतः किती जणांना त्यावरून झापलं आहे. घरच्यांना, ओळखीच्यांना पहिल्यांदा तेच सुचतं. पण त्या घरात हे नाव कुणाला सुचणारच नव्हतं. हाक मारायला लांब पडतं म्हणून काढून टाकलं, आणि तिनं ते दर दुपारी एकदा गुपचूप टाइप करून ठेवलं. माझं नाव लग्नात बदललं नाही, तेही कुणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. मार्कशीटवर सुनंदा होतं आणि नोकरीत घोळ झाला असता, म्हणून वाचलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

नानांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "लाव तिले." मी नाव शोधलं. त्यांच्या मोबाइलमध्ये ती "सून" या नावानं होती. मी फोन लावून दिला.

नानांनी घसा खाकरला. "चंद्रकला, मी बोलून राह्यलो."

नाना मोबाइल कानाला घट्ट लावून खिडकीकडे बघत राहिले.

"घरी येऊन राह्यलो. चायपत्ती आनाची का?" मग बराच वेळ ऐकत होते. "हाव," म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. डोळे दुपट्ट्यानं पुसले. "आन म्हनते. अन् साखर बी संपली म्हनते."

"देतो"चं बटण त्यांनी दाबलं नाही. उठता उठता म्हणाले, "ते पाहुन्याचं खातं म्हनत होती ना तू, ते दे मले काढून. बघ्याले तेवढंच पुरते."

मी लगेच खातं उघडून दिलं. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा नानांनी कीबोर्डावर दुपट्टा पसरला, त्याखाली हात घातला आणि मला म्हणाले, "तिकडं पाह्य." पुन्हा तेच, एका बोटानं, ओठ मिटून, बराच वेळ.

आणि मी? मी माझ्या वळणावर गेले. ते नाव आता तीन माणसांना ठाऊक झालं होतं, तेव्हा मी त्याच दुपारी चंद्रकलेला फोन करून सांगितलं, पासवर्ड बदल. ती हसायला लागली. म्हणाली, "ताई, तुमी काई सुधरनार नाई." पण बदलला. नवा काय ठेवला मला माहीत नाही. नानांनाही नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. घरात आता तिला चंद्रकला म्हणतात. वावरातून हाक मारताना नानांना दम लागतो, तरी पूर्ण नाव घेतात, असं बाया सांगतात.

परवा तिचाच फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला, पण खोटा.

"ताई, मामाजीच्या खात्याचा पासवर्ड काय हाय?"

"मला माहीत नाही."

"ते म्हनतात, तू मले वळखाले लावलं, आता तू वळख. दोन आठवडे झाले, माह्यं डोकं फिरून राह्यलं. त्यायचं खातं रोज बंद पडते अन् ते हसत बसतात."

"काय काय टाकलंस?"

"सगळंच. सार्थक टाकलं. देव टाकले. आत्याबाईचं टाकलं, मले वाटलं तेच असन. वावर टाकलं. रंगी बी टाकली."

"तुझं टाकलंस?"

फोनवर मागे कुठेतरी रंगी ओरडत होती आणि विहिरीवरची मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "ठेवते, ताई," आणि फोन बंद झाला.

त्या दुपारी नानांच्या खात्यात कुणी शिरलं की नाही, ते मला नोंदीत एका क्षणात दिसलं असतं. मी पाहिलं नाही.